टनेल डायोड, एसाकी आणि जर्नलातला 'चुकलेला' आलेख

एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला टनेल डायोडचा (लिओ एसाकींनी शोधलेला, सेमीकंडक्टरचा दोन पायांचा भाग) व्ही-आय, म्हणजे व्होल्टेज-करंट, आलेख काढताना मधल्या भागात रीडिंग वेडीवाकडी आली. तिथे उतार मिळायला हवा होता, मिळाला पठारासारखा सपाट तुकडा. मागच्या वर्षीचं जर्नल बघून वक्र 'नीट' काढ, असा सल्ला मिळाला. त्यावरून तीन प्रश्न पडले आहेत: जो डायोड आज बाजारात शोधूनही मिळत नाही त्याला नोबेल का दिलं, लिओ एसाकींनी त्या एका डायोडखेरीज आयुष्यात काय केलं, आणि कंपनीत नोकरी करून असं संशोधन खरंच होतं का.

सेमीकंडक्टरच्या मोजमापात मी एकतीस वर्षं काढली. त्यामुळे आधी एक कबुली. मी हाताळलेला पहिला टनेल डायोड दहा सेकंदांत मेला. चालू आहे का बघायला मी मल्टिमीटर ओहमच्या सर्वांत खालच्या रेंजवर लावला. काट्याचा जुना मीटर त्या रेंजवर काही दशक मिलीअँपिअर ढकलतो, आणि डायोड होता एक मिलीअँपिअरचा. आमच्या वरिष्ठ बाई काही बोलल्या नाहीत. रजिस्टरमध्ये त्या नगासमोर 'मृत' असं लिहिलं आणि मला दुसरा डायोड दिला. तेव्हापासून या चिमुकल्या वस्तूबद्दल आदर आहे.

एसाकींचा जन्म १२ मार्च १९२५चा, ओसाका प्रांतातला. मूळ नाव रेओना, शिक्षण क्योटोत. तिथल्या ज्या 'थर्ड हायर स्कूल'मध्ये ते शिकले, तिथूनच त्यांच्याआधी युकावा आणि तोमोनागा बाहेर पडले होते. जपानचे भौतिकीतले पहिले दोन नोबेल विजेते ते हेच. पण ते दोघेही कागद-पेन्सिलीचे, सिद्धांताचे. तिसरं नोबेल मिळालं ते कारखान्याच्या आवारात काम करणाऱ्या माणसाला. जपानमध्ये एसाकींचं महत्त्व मोजताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

१९४७ मध्ये टोकियो विद्यापीठातून भौतिकीची पदवी घेतल्यावर ते विद्यापीठात थांबले नाहीत. देश बेचिराख झालेला, प्रयोगशाळांत सामान नाही. ते कोबे कोग्यो या कंपनीत लागले आणि निर्वात नळ्यांच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात यावर काम करू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, म्हणजे एसाकी शिकत होते ती विद्या शिकता शिकताच जुनी झाली. पुढे ते जर्मेनियम या सेमीकंडक्टरकडे वळले आणि १९५६ मध्ये टोकियो त्सुशिन कोग्यो नावाच्या लहानशा कंपनीत आले. तिलाच जग पुढे सोनी म्हणून ओळखू लागलं.

सोनीने १९५५ मध्ये टीआर-५५ हा ट्रान्झिस्टर रेडिओ काढला होता. रेडिओला उच्च फ्रीक्वेन्सीवर चालणारे ट्रान्झिस्टर लागतात, आणि ते बनवणं तेव्हा निम्मं शास्त्र, निम्मं नशीब होतं. ट्रान्झिस्टरच्या एमिटर नावाच्या भागातून इलेक्ट्रॉन भरपूर यावेत म्हणून जर्मेनियममध्ये फॉस्फरसचं डोपिंग, म्हणजे मुद्दाम केलेली भेसळ, वाढवायचं. पण किती? एका मर्यादेपलीकडे वाढवलं की जंक्शन, म्हणजे दोन वेगळ्या भेसळींची सीमा, बिघडायचं आणि नग फेकून द्यावा लागायचा. ती मर्यादा कुठे आहे, हा प्रश्न कारखान्याचा होता. नग वाचवायचे, एवढाच त्यामागचा हेतू.

एसाकींनी या प्रश्नाला हात घातला तो वेगळ्या बाजूने. ट्रान्झिस्टर बाजूला ठेवून त्यांनी साधे पी-एन डायोड (एन बाजूला मोकळे इलेक्ट्रॉन जास्त, पी बाजूला त्यांची उणीव) बनवले आणि दोन्ही बाजूंचं डोपिंग पायरी-पायरीने वाढवत नेलं. डोपिंग वाढलं की दोन बाजूंमधला डिप्लिशनचा, म्हणजे मोकळे इलेक्ट्रॉन नसलेला, पट्टा अरुंद होत जातो. आधी असे डायोड मिळाले जे उलट दिशेनेच जास्त सहज वाहतात. पाठ्यपुस्तकातल्या डायोडच्या हे बरोबर उलटं. पट्टा आणखी अरुंद केला, दहा-पंधरा नॅनोमीटरच्या आसपास आणला, तेव्हा सुलट दिशेच्या आलेखात एक टेकडी आली. व्होल्टेज वाढतंय आणि करंट कमी होतोय. १९५७च्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सोबत युरिको कुरोसे आणि ताकाशी सुझुकी हे सहकारी होते. नोबेलच्या कथेत ही दोन नावं बहुधा गळतात, म्हणून मुद्दाम लिहिली.

आता ही टेकडी का येते ते सांगतो, कारण व्हायवाला 'टनेलिंगमुळे' एवढंच उत्तर देऊन मुलं मोकळी होतात. टनेलिंगमुळे करंट वाहतो हे खरं, पण तो कमी का होतो?

समोरासमोर दोन चाळी आहेत असं समजा, मध्ये अगदी अरुंद बोळ. एका चाळीतला माणूस समोरच्या चाळीत उडी मारू शकतो, पण अट अशी की समोर त्याच उंचीवर मजला हवा आणि त्या मजल्यावरची खोली रिकामी हवी. एन चाळीचे खालचे काही मजले भरलेले आहेत. पी चाळीचे अगदी वरचे एक-दोन मजले रिकामे आहेत, आणि त्यांच्यावर बऱ्याच उंचीपर्यंत मजलाच नाही, नुसतं आकाश. शून्य व्होल्टेजला दोन्हीकडे भरलेल्याची पातळी सारखी असते, म्हणून भरलेल्यासमोर भरलेलं, रिकाम्यासमोर रिकामं. निव्वळ येजा शून्य. आता सुलट व्होल्टेज द्या, म्हणजे एन चाळ जॅक लावून थोडी वर उचला. भरलेल्या मजल्यांसमोर पी चाळीचे रिकामे मजले येतात आणि लोक उड्या मारू लागतात. हा तुमच्या आलेखाचा पहिला चढ. चाळ आणखी उचला. आता भरलेल्या मजल्यांसमोर आकाश आलं, पलीकडे पाय ठेवायला काही नाही. उड्या बंद, करंट खाली. हा उतार. त्याहून खूप उचललीत की लोक मधल्या भिंतीवरून नेहमीच्या वाटेने पलीकडे जाऊ लागतात, आणि साध्या डायोडचा चढ सुरू होतो. उलट व्होल्टेज दिलंत तर एन चाळ खाली जाते आणि पी चाळीच्या भरलेल्या मजल्यांसमोर तिचे रिकामे मजले येतात. म्हणून हा डायोड उलटा अडवत नाही.

'टनेल'चं भाषांतर बोगदा करून खंडाळ्याच्या घाटाचं उदाहरण देतात ते मला पटत नाही. इथे कोणी काही खणत नाही. बोळ पुरेसा अरुंद असला की क्वांटम नियमाने इलेक्ट्रॉन पलीकडे सापडण्याची शक्यता शून्य उरत नाही, एवढंच. बोळ जरा रुंद झाला की ती शक्यता झपाट्याने आटते. म्हणून डोपिंगची पायरी इतकी महत्त्वाची होती.

आणि हे नवं का ठरलं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. टनेलिंगची कल्पना १९२८ पासून होती; गॅमो यांनी अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर कसे पडतात ते तिने समजावलं होतं. घन पदार्थात एका बँडमधून (इलेक्ट्रॉनला मोकळ्या असलेल्या ऊर्जेच्या पट्ट्यातून) दुसऱ्यात टनेलिंग होऊ शकेल असं क्लॅरेन्स झेनर यांनी १९३४ मध्ये मांडलं. पुढे पी-एन जंक्शनचं उलट दिशेचं ब्रेकडाउन (उलट व्होल्टेज वाढवत नेल्यावर अचानक वाहू लागणारा करंट) म्हणजे हेच, असं लोकांना वाटलं. तपासणीत बहुतेक ठिकाणी निघालं भलतंच: तो इलेक्ट्रॉनचा कोसळता हिमकडा होता, एक इलेक्ट्रॉन आदळून आणखी सुटे करतो तसा, ज्याला आपण अ‍ॅव्हलांच म्हणतो. (आजही पाच-साडेपाच व्होल्टच्या वरचा 'झेनर' डायोड खरं तर अ‍ॅव्हलांचवर चालतो. नाव चिकटलं ते चिकटलं.) त्यामुळे पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला जंक्शनमध्ये टनेलिंग शोधण्याची हौस ओसरली होती. एसाकींच्या टेकडीने तो वाद मिटवला. अ‍ॅव्हलांचने ब्रेकडाउन होईल, पण सुलट दिशेला टेकडी येणार नाही.

शोधनिबंध 'फिजिकल रिव्ह्यू'मध्ये जानेवारी १९५८ मध्ये आला. आधी मायदेशात त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. त्याच वर्षी ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ट्रान्झिस्टरच्या शोधकांपैकी एक असलेल्या विल्यम शॉक्ली यांनी भाषणात त्याचं कौतुक केलं आणि एका दिवसात चित्र पालटलं. यातला विनोद असा की रॉबर्ट नॉइस, म्हणजे पुढे इंटेल स्थापन करणारे, यांच्या वहीत ऑगस्ट १९५६ची नोंद आहे. तिच्यात अशाच डायोडची कल्पना आणि अपेक्षित वक्र दोन्ही आहेत. नॉइस तेव्हा शॉक्लींच्याच कंपनीत होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी वही साहेबांना दाखवली, साहेबांनी रस घेतला नाही आणि विषय तिथेच संपला. एसाकींना डॉक्टरेट १९५९ मध्ये मिळाली, म्हणजे ज्या कामाला नोबेल मिळालं ते पीएचडीच्या आधीचं.

मग डायोड गेला कुठे? साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्यामागे धावले नाहीत असे फार कमी. त्याचा स्विचिंगचा वेग तेव्हाच्या ट्रान्झिस्टरला लाजवणारा होता, संगणक यावरच बनणार असं बोललं जाई. पण या डायोडला पायच दोन. ट्रान्झिस्टरला तीन असतात, त्यामुळे इनपुट वेगळं आणि आउटपुट वेगळं राहतं. इथे पुढच्या डायोडचा गोंधळ मागच्यावर उलटतो. शिवाय खेळायला जागा किती? जर्मेनियमच्या ठरावीक एक मिलीअँपिअरच्या नगात शिखर ६५ मिलीव्होल्टला आणि दरी ३५० मिलीव्होल्टच्या आसपास. एवढ्याशा फरकात शेकडो नग एकसारखे जुळवून चालवायचे म्हणजे रोजचं मरण. तेवढ्यात सिलिकॉनचं इंटिग्रेटेड सर्किट आलं. टनेल डायोड त्या सपाट चिपवर सहज बसणारा नव्हता. त्याचा खेळ संपला.

पूर्ण संपला मात्र नाही. टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ऑसिलोस्कोपमध्ये ट्रिगर सर्किटला (पडद्यावरचं चित्र स्थिर धरणाऱ्या) टनेल डायोड असायचे आणि अतिवेगवान पल्स जनरेटरमध्येही. मी त्यांच्यावरच वाढलो. ते मेले की स्कोप 'ट्रिगर धरत नाही' अशी तक्रार यायची आणि बदली नग मिळवायला महिने जायचे. टिकाऊपणात मात्र त्यांना तोड नाही. साठच्या दशकात सोनीने बनवलेले डायोड पन्नास वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा वक्र जसाच्या तसा होता, असं एसाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये 'नेचर'ला पत्र लिहून कळवलं. पंचाऐंशीव्या वर्षी माणूस आपला जुना नग मोजून बघतो, हे मला नोबेलइतकंच आवडलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते पहिल्याहून महत्त्वाचं आहे. १९६० मध्ये एसाकी सोनी सोडून अमेरिकेत आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात गेले आणि १९९२ पर्यंत तिथेच राहिले. नागरिकत्व मात्र जपानीच ठेवलं. सोनीला रेडिओ, टीव्ही विकायचे होते. निकाल कधी लागेल ते ठाऊक नसलेल्या प्रश्नावर दहा वर्षं पगार देणं तेव्हा आयबीएमला परवडत होतं. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर स्वतःच्या नावाच्या डायोडवर पुढची तीस वर्षं काढली असती. त्यांनी आधी बिस्मथच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम केलं, मग चुंबकीय विद्युतरोधकातून होणाऱ्या टनेलिंगवर. १९६९-७०च्या सुमाराला राफाएल त्सू यांच्याबरोबर ते सुपरलॅटिसकडे आले.

सुपरलॅटिस म्हणजे काय? निसर्गात स्फटिकातले अणू ज्या अंतराने बसतात, ते अंतर आपल्या हातात नाही. एसाकी आणि त्सू म्हणाले, दोन वेगळे सेमीकंडक्टर आळीपाळीने, प्रत्येक थर काही नॅनोमीटरचा, असे रचत जाऊ या. म्हणजे निसर्गाच्या अंतरावर आपलं एक मोठं अंतर चढेल आणि इलेक्ट्रॉनला वाटेल आपण नव्याच पदार्थात आहोत. बँडची रचना निसर्गाने दिली ती घ्यायची, ही सवय सोडून ती कागदावर आखायची. हा निबंध 'फिजिकल रिव्ह्यू'ने नाकारला. परीक्षकाच्या मते तो फार काल्पनिक होता आणि त्यात नवं भौतिकशास्त्र नव्हतं. शेवटी १९७० मध्ये तो आयबीएमच्या स्वतःच्या नियतकालिकात छापला गेला.

कागदावर आखणं सोपं. थर बनवायला मॉलिक्युलर बीम एपिटॅक्सी लागते: अतिनिर्वात भांड्यात अणूंचे झोत सोडून एकेक अणुथर चढवायचा. हे तंत्र बेल लॅब्जमध्ये आकाराला येत होतं, आयबीएममध्ये लेरॉय चँग यांनी ते हाती घेतलं. १९७४ मध्ये चँग, एसाकी आणि त्सू यांनी इलेक्ट्रॉन अडवणाऱ्या दोन पातळ भिंतींच्या मध्ये एक विहीर अशी रचना मोजली आणि रेझोनन्ट टनेलिंग, म्हणजे विहिरीतल्या ठरावीक ऊर्जेशी जुळलं तरच जोरात होणारं टनेलिंग, दाखवलं. आलेखात पुन्हा तीच टेकडी! पण या वेळी ती भरमसाट डोपिंगमधून आली नव्हती, आखून आणली होती. नोबेल त्याच्या एक वर्ष आधी, १९७३ मध्ये आलं होतं: अर्धं ब्रायन जोसेफसन यांना, उरलेलं अर्धं एसाकी आणि सुपरकंडक्टरमधलं टनेलिंग मोजणारे इव्हार गिएव्हर यांच्यात वाटून. तेव्हा एसाकी ४८ वर्षांचे होते. स्टॉकहोममधल्या व्याख्यानातही सोळा वर्षांपूर्वीच्या डायोडवर न थांबता ते सुपरलॅटिसपर्यंत येऊन पोचले.

१९७७ मध्ये त्यांच्या गटाने इंडियम आर्सेनाइड आणि गॅलियम अँटिमोनाइड यांचं सुपरलॅटिस मांडलं. या जोडीची गंमत अशी की एकाचा कंडक्शन बँड (मोकळ्या इलेक्ट्रॉनचा, एरवी वरचा) दुसऱ्याच्या व्हॅलेन्स बँडच्याही (भरलेल्या, एरवी खालच्या) खाली येतो. म्हणजे चाळींची ती समोरासमोरची मांडणी डोपिंग न करताच, निव्वळ पदार्थांच्या निवडीतून मिळते. आज रात्री बघू शकणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांचे काही उत्तम डिटेक्टर या 'टाइप टू' कुळातले आहेत.

म्हणून 'आज कोणी वापरत नाही' हे अर्धसत्य आहे. सुटा टनेल डायोड दुकानात मिळणार नाही, पण उपग्रहांच्या पंखांवर असतात त्या एकावर एक जोडलेल्या सौर घटांमध्ये प्रत्येक दोन घटांना जोडणारा थर टनेल जंक्शनचाच असतो. तो नसता तर मधलं जंक्शन उलटं बसून करंट अडला असता. पेन ड्राइव्हमधल्या फ्लॅश मेमरीत इलेक्ट्रॉन आत-बाहेर करतात तेही ऑक्साइडच्या थरातून टनेलिंगने. ते टनेलिंग वेगळ्या प्रकारचं, त्याचं श्रेय एसाकींना देऊ नका. आणि टेराहर्ट्झ लहरी निर्माण करणारे रेझोनन्ट टनेलिंग डायोड ही १९७४च्या त्या विहिरीची थेट वंशावळ.

१९९२ मध्ये ते जपानला परतले आणि त्सुकुबा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. बाहेरून आलेल्या माणसाला, तोही आयुष्यभर कंपनीत काम केलेला, असं पद मिळणं तिथे नवलाचं होतं. पुढे शिबाउरा तंत्रज्ञान संस्था, मग योकोहामाचं औषधनिर्माण महाविद्यालय, मध्ये सरकारच्या शिक्षण सुधारणा आयोगाचं अध्यक्षपद. या काळाबद्दल मला सांगण्यासारखं फारसं नाही. समित्या समित्यांसारख्याच असतात. नोबेल हवं तर काय करू नये याचे त्यांचे पाच नियम नेटवर फिरतात: अनुभवात अडकू नका, एका गुरूला कवटाळू नका वगैरे. वाचायला हरकत नाही. पण मला त्यांचे डोपिंगच्या पायऱ्यांचे आकडे जास्त शिकवून गेले.

तिसरा प्रश्न. हिशेब करा: १९४७ ते १९९२, पंचेचाळीस वर्षं, तीन कंपन्या. विद्यापीठात पद मिळालं तेव्हा वय सदुसष्ट. तेव्हा हो, कंपनीत असं काम होतं. मात्र दोन गोष्टी सोयिस्करपणे विसरू नका. एक, सोनीत प्रश्न कारखान्याने दिला आणि शुद्ध जर्मेनियमवरचा हातही कारखान्याचा होता. विद्यापीठातल्या कोणाला एवढं डोपिंग करून बघण्याचं कारणच नव्हतं. दोन, सुपरलॅटिससाठी नुसता कारखाना पुरला नसता. तिथे निकालाची घाई नसलेला मालक लागला. तुम्हाला नोकरी मिळेल ती बहुधा पहिल्या प्रकारची. मुलाखतीत पगार विचाराल तेव्हा हेही विचारा की रिजेक्ट झालेले नग तिथे जातात कुठे. ते कोणी मोजत असेल तर ती जागा बरी.

आणि आता तुमचा आलेख. तो सपाट तुकडा तुमची चूक नाही, जर्नलातून खोडू नका. उताराच्या भागात डायोडचा रोध ऋण असतो (व्होल्टेज वाढलं की करंट घटतो), एक मिलीअँपिअरच्या नगाला साधारण शंभर-सव्वाशे ओहम. तुमच्या सर्किटमध्ये सिरीजला एक किलोओहम असेल तर डायोड उतारावर उभा राहूच शकत नाही. तो शिखरावरून थेट पलीकडे उडी मारतो. रोध कमी असूनही पठार येत असेल तर लांब वायरींचं इंडक्टन्स आणि डायोडचं कपॅसिटन्स मिळून सर्किट ऑसिलेट होतंय. डीसी मीटर त्या आंदोलनाची सरासरी दाखवतो, तेच तुमचं पठार. सिरीजला दहा-वीस ओहम ठेवा, डायोडला समांतर चाळीस-पन्नास ओहमचा रोध लावा आणि त्यातून जाणारा करंट नंतर वजा करा. वायरी दोन-तीन सेंटिमीटरच्या वर नकोत, ब्रेडबोर्ड नको, थेट सोल्डर. पण त्याआधी जुन्या वायरींवरच स्कोप लावून पठाराच्या जागी काय दिसतं ते बघा, वायर निम्मी करा आणि फ्रीक्वेन्सी किती सरकली ते लिहून ठेवा. जर्नलात दोन्ही आलेख लावा, आधीचा आणि नंतरचा. एक्स्टर्नलने विचारलं तर सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल. आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून डायोडला लावू नका, रजिस्टरमध्ये मृतांची यादी आधीच मोठी आहे.